पायरी तीनच्या खाली

१० फेब्रुवारी १९९७, सोमवार

वीसपैकी तेरा उरले. मधुकर सर म्हणाले, "गुड नंबर आहे, अरुणा." सर आमच्या विभागाचे प्रमुख, मनाने वाईट नाहीत. पण संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मला तेरा नाही, ते मेलेले सात आठवत होते.

प्रयोग असा. (ही वही कोणी वाचणार नाही, तरी मी सगळं समजावून लिहिते. मेला स्वभावच तो.) पांढऱ्या उंदरांना शनिवारी पिलोकार्पिन टोचलं. अर्ध्या तासात एकेकाला फिट सुरू झाली आणि थांबेना. दीड तास तशीच चालू दिली, मग डायझेपाम देऊन थांबवली. जे जगले त्यांना इथून पुढे काहीही टोचायचं नाही, नुसतं बघत बसायचं. काही आठवडे काही होणार नाही, आणि मग एक दिवस कोणी काही न करता आपली आपण फिट येईल. माणसाच्या कानशिलामागे मेंदूचा जो भाग असतो, टेम्पोरल लोब, तिथला अपस्मार पुष्कळदा असाच येतो. उंदरात तो उभा राहिला तरच कंपनीला तिचं नवं औषध त्यांच्यावर तपासता येईल. ३० एप्रिलला मोठे साहेब येणार आहेत. तोवर निदान आठ उंदरांना आपोआप फिट आलेली दाखवायची. नाही तर मी परत खालच्या मजल्यावर, गोळ्या किती मिनिटांत विरघळतात ते मोजायला.

मला खाली जायचं नाही. मला हे बघायचंय.

११ फेब्रुवारी

उंदीर खात नाहीत. पुतळामावशी एकेकाला तळहातावर घेऊन दुधात कुस्करलेलं बिस्कीट भरवत होती. मावशी आमच्या प्राणिघराची मदतनीस, तळवली गावची. शेत कारखान्यांच्या जागेत गेलं, त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, आणि नवरा वारलेला म्हणून ती हिच्याकडे आली. मला वाटलं होतं तिने उंदरांना नावं ठेवली असतील. तर म्हणाली, "नाव ठेवला का मेल्यावर रडावा लागतं, बाय. नंबरच बरा."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्या क्षिप्राच्या वर्गातल्या बाईंची चिठ्ठी. 'वर्गात लक्ष नसते. प्रश्न विचारल्यास उत्तर देत नाही.' नऊ वर्षांची झाली, चौथीत आहे, आणि हे! जूनमध्ये गिरगाव सोडून नेरुळला आलो, शाळा नवीन, अजून एकही मैत्रीण नाही, हे सगळं मान्य. पण बाईंना उत्तर द्यायला मैत्रीण कशाला लागते?

मी जरा चढ्याच आवाजात विचारलं, "बाई विचारतात ते ऐकू येत नाही का तुला?"

"येतं. पण मला कळेपर्यंत संपलेलं असतं."

काय संपलेलं असतं ते विचारायचं राहिलं, कुकरची शिट्टी झाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नोंदीचा तक्ता छापून आला. माझ्या डोक्यातून निघालेला, म्हणून थोडी मिरवून घेतली. उंदराच्या फिटच्या पाच पायऱ्या मानतात. पहिलीत तो टक लावून बसतो, तोंड चघळल्यासारखं हलवतो. दुसरीत मान हलवायला लागतो. तिसरीत पुढचे पंजे थरथरतात, चौथीत मागच्या पायांवर उभा राहतो, पाचवीत उभा राहून पडतो. मी पहिल्या दोन पायऱ्यांचे रकाने काढूनच टाकले. उंदीर एरवीही चघळतो, एरवीही शून्यात बघत बसतो. त्यातलं खरं कुठलं नि खोटं कुठलं यावर वाद घालत बसण्यापेक्षा पंजा थरथरला तर लिहायचं, नाही तर नाही.

मधुकर सर म्हणाले, "क्लीन! नो कन्फ्युजन." मलाही तेच आवडलं. धड इकडे नाही धड तिकडे नाही असल्या गोष्टी मला सहनच होत नाहीत.

२७ फेब्रुवारी

एकोणीस दिवस झाले, काहीच नाही. उंदीर खातात, झोपतात, अंग चाटतात. बाहेरचा कोणी म्हणेल हे ठणठणीत आहेत. हा शांत काळ. मला सगळ्यात जास्त कुतूहल याच काळाचं आहे. त्या एका दुपारी जे बिघडलं ते बिघडलंच. आता आतल्या आत काही जोडण्या तुटतायत, काही भलत्याच ठिकाणी जुळतायत, आणि बाहेर त्याची काही खूण नाही. पुतळामावशीला हे सांगितलं तर ती पिंजऱ्यातला भुसा बदलत म्हणाली, "म्हंजे बरा नाय झाला, नुसता गप बसलाय." अगदी बरोबर, म्हटलं. एवढं नेमकं मला सरांपुढे बोलता आलं नसतं.

डायझेपामच्या उरलेल्या अँप्यूल, काचेच्या त्या छोट्या कुप्या, कपाटात ठेवल्या. ती काच फुटल्याचा आवाज मला आजही आवडत नाही. क्षिप्रा चौदा महिन्यांची असताना तापात तिला आकडी आली होती. पाऊण तास थांबत नव्हती. शेवटी डॉक्टरांनी अशीच अँप्यूल फोडली. त्याला आता आठ वर्षं होतील. नंतर काही म्हणजे काही झालं नाही. पोर ठणठणीत आहे, लक्ष नसण्याचा रोग सोडला तर.

६ मार्च, गुरुवार

आली! चार नंबरला, दुपारी दोन बेचाळीसला. मी पेन्सिलीला टोक करत होते. नजर वर गेली तेव्हा चार नंबर मागच्या पायांवर उभा, पुढचे पंजे थरथरतायत. मग पडला. बावन्न सेकंद. कोणी स्पर्श केला नव्हता, आवाज नव्हता, काही नव्हतं. आपली आपण! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सर चहा सांडत धावत आले.

जेवताना घरी सगळं करून दाखवलं, हात थरथरवून. सुभाष हसून हसून बेजार. नवरा बँकेतला माणूस, त्याला दिवसभर हसायला मिळत नाही, माझ्या उंदरांवर वसूल करतो. क्षिप्रा मात्र हसली नाही. "त्याला दुखतं का?" म्हणाली.

"काय माहीत. सांगायला तो बोलतो कुठे?"

"मग त्याला आधी कळतं का, येणार ते?"

काय प्रश्न आहे! मी तो इथे मुद्दाम लिहून ठेवते. मनावर घेतलं तर पोर शास्त्रज्ञ होईल. पण लगेच पुढच्या घासाला भान हरपल्यासारखी भिंतीकडे बघत बसली, तोंडात काही नसताना चघळत. मी ताटावर चमचा वाजवला तरी ढिम्म. थोड्या वेळाने म्हणाली, "काय गं?" जसं काही मीच उगाच आवाज करत होते.

१२ मार्च, बुधवार

तीन उंदरांना आली. चार, अकरा, तेरा.

सकाळी मावशी म्हणाली, "बाय, ह्यो सात नंबर बगा. रोज चघलतंय नुसता. मी बोट पुढं केला, एरवी हुंगतंय, तर बगंना पन."

मी तक्ता दाखवला. म्हटलं ही पायरी एक, फार तर दोन, ही आपण मोजत नाही.

ती तक्त्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही, पण रकाने कळतात. म्हणाली, "मोजत नाय म्हंजे येत नाय का?"

मी हसले. तिला सांख्यिकी कशी समजावणार?

२४ मार्च, सोमवार

आज रागावले आणि मग मजाच झाली. अकरा नंबरला फिट आली, आणि बघते तर पुतळामावशी पिंजऱ्याचं झाकण उघडून त्याच्या नाकाशी डब्यातला अर्धा कांदा धरून उभी! गावात फेफरं आलं की हेच करतात म्हणे. कांदा नाही तर चप्पल. मी ओरडले, प्रयोगाची वाट लागेल म्हटलं. पण दुपारभर डोक्यात तेच. खरंच थांबते का? मी तरी कशावरून नाही म्हणते? कधी बघितलंय?

सरांना न सांगता ठरवलं: फक्त अकरा नंबरला, एका फिटला कांदा, एका फिटला नाही, अशा एकूण सहा.

२९ मार्च, शनिवार

सहा झाल्या. कांद्यासकट सरासरी सेहेचाळीस सेकंद, कांद्याशिवाय चव्वेचाळीस. सहावर काही सिद्ध होत नाही, तरी मी मोठ्या ऐटीत मावशीला निकाल सांगितला. ती विचार करून म्हणाली, "म्हंजे गावात कांद्यानं कोन उठत नव्हता. आपली आपन उठत होती."

"तेच तर."

"पन बगनाऱ्याच्या हाताला कायतरी काम पायजे ना, बाय. नुसता बगत कसा ऱ्हायचा?"

आम्ही बघतोच की नुसतं, असं मी म्हणणार होते. 

३१ मार्च

आठमधले पाच झाले, आता गाडी अडली. एक महिना हातात.

बाईंची दुसरी चिठ्ठी, सोबत शुद्धलेखनाची वही. क्षिप्राचं अक्षर सुबक आहे, पण मध्येच एखादी ओळ खाली घसरत जाते, अक्षरं विरतात, आणि मग पुढचा शब्द पुन्हा सरळ. एका पानावर असं दोनदा. वर्गात झोपा काढते असं बाईंचं म्हणणं. शिवाय हिचं पोट. "आई, पोटात लिफ्टसारखं वर आलं," हे आठवड्यातून चार वेळा. ओवा देते. शाळेत वडापाव खाते का विचारलं तर रडली.

सुभाष म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. ती एकटी पडलीय. वाशीच्या क्लबात एकवीस एप्रिलपासून मुलींचा पोहण्याचा कॅम्प आहे, घालू तिला." मला एकदम पटलं. पाण्यात गेलं की लक्ष ठेवावंच लागतं. चार मुली भेटतील.

क्षिप्रा म्हणाली, "मला पाण्यात नको ना, आई."

"का?"

"मला तिथे झालं तर?"

"काय झालं तर?"

दप्तर आवरायला लागली. पोट दुखलं तर असंच म्हणायचं असेल. पाण्याला भिणाऱ्या मुलांना पाण्यातच टाकायचं असतं. मी नाव नोंदवून आले.

५ एप्रिल, शनिवार

क्षिप्राला सुट्टी, घरी कोणी नाही, म्हणून ऑफिसला नेलं. प्राणिघरात मुलांना सोडत नाहीत. बाहेरच्या खोलीत बाकावर चित्रं काढत बसली. दुपारी मावशीने तिला आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट दिली. आमच्या घरात न खाणारी मुलगी तिथे बोटं चाटत होती.

निघताना मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, राग मानू नका. तुमची पोर आज दोन वेला हरवली."

"हरवली? कुठे गेली होती?"

"कुटं नाय. माझ्या म्होरंच. हातात घास, तोंडात काय नाय नि चघलतंय. हाक मारली तर बगते, पन बगत नाय. फ्रॉकची गुंडी चिमटीत धरून फिरवत व्हती. मंग आली परत." मग जरा थांबून, "सात नंबरवानी."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच लिहिते की माझ्या मुलीची उंदराशी तुलना करायची नाही, हे मी तीनदा म्हटलं. तीन वेळा का म्हटलं असेन? ती मान खाली घालून ऐकत होती. बसमध्ये क्षिप्रा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तुर्भ्याच्या दगडखाणींची धूळ तिच्या केसांवर बसली होती. मी ती पुसत राहिले.

१० एप्रिल, गुरुवार

पाडव्याची सुट्टी काढून आल्यावर मावशी माझ्याशी कामापुरतंच बोलते. बोलू दे.

पण सात नंबरचं डोक्यातून जाईना. तिला चूक ठरवायची म्हणून पिंजऱ्यांवरच्या कॅमेऱ्याच्या मार्चच्या कॅसेट काढल्या आणि सात नंबरच पुन्हा बघितला. तीन तासांची एक कॅसेट, अशा नऊ. आणि मी खुर्चीतून उठू शकले नाही. सात नंबर टक लावून बसतो, तोंड चालू, मान हलते, अर्ध्या मिनिटात संपतं. लगेच जरा गोंधळल्यासारखा इकडेतिकडे हुंगतो. नेहमीच्या चघळण्यात तसं होत नाही. एकदा फरक दिसला की दिसायचा थांबत नाही. नऊ कॅसेटमध्ये एकतीस वेळा! माझ्या तक्त्यात त्याच्यापुढे शून्य. दोन नंबरला, नऊ नंबरलाही हेच.

म्हणजे यांना फिट महिन्याभरापूर्वीच सुरू झाल्या, आणि आम्ही समोर बसून आल्या नाहीत असं लिहीत होतो. मी सरांकडे पळाले. आधी म्हणाले, "लहान झटके कोणी मोजत नाही." मग कॅसेट दोनदा बघितली. नवा तक्ता करायचा, पाचही रकाने. मी आज इतकी खूश आहे की जेवण गेलं नाही. इतक्या दिवसांत हे पहिलं काहीतरी माझं स्वतःचं.

(मावशीचं. खरं तर मावशीचं.)

१६ एप्रिल, बुधवार

सात नंबर आज पडला. पायरी पाच. आधी महिनाभर चघळत होता आणि आज पडला. लहानातून मोठी झाली. मावशी शेजारीच होती. भुसा बदलत राहिली. मला वाटलं बोलेल.

रात्री क्षिप्राला बघत होते. जेवली, गृहपाठ केला, झोपली. काही नाही. नुसत्या माझ्या बघण्यानेच ती वैतागली, "काय झालं आई?" म्हणाली.

२० एप्रिल, रविवार

उद्या कॅम्प सुरू. मी रजा टाकलीय. स्वतः जाऊन बसणार आहे, पूर्ण तास. सुभाषला सांगितलं पहिला दिवस म्हणून. खरं कारण हे की मावशीचं म्हणणं मला एकदा नीट खोटं ठरवायचंय. तासभर नजर न हलवता बघेन. ते काम मला येतं.

२१ एप्रिल, सोमवार

नीट लिहिते, आज ही वही त्यासाठीच आहे.

सात वाजता तलावावर. मुली उथळ बाजूला, पाणी क्षिप्राच्या छातीपर्यंत. शिकवणारे दिपेश सर. सगळ्यांनी काठाची दांडी धरून पाय मारायचे. मी पायऱ्यांवर, दहा हातांवर. पहिली वीस मिनिटं काही नाही. ती हसतसुद्धा होती. शेजारच्या मुलीने तिच्यावर पाणी उडवलं, हिने परत उडवलं. मला इतकं बरं वाटलं. मनात मावशीला दोन शब्द सुनावलेही.

सात बावीसला क्षिप्राने दांडी सोडली. उभी राहिली. नजर समोरच्या पाण्यावर, पण पाण्यावर नाही. तोंड चघळायला लागलं. उजव्या हाताची चिमूट पोहण्याच्या कपड्याची पट्टी ओढत होती.

आणि मी घड्याळ पाहिलं.

हे मला कोणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिते. मी उठले नाही, हाक मारली नाही. मी घड्याळाकडे बघितलं आणि मोजायला लागले. मनात आलं, पायरी एक. मग तिची मान हलायला लागली. पायरी दोन. आणि जुन्या तक्त्याच्या सवयीने पुढचे शब्दही आले: लिहायची नाही.

मग तिचे गुडघे वाकले. पाणी हनुवटीशी, मग ओठांशी आलं. दिपेश सर पाठ करून दुसऱ्या मुलीचे पाय धरून दाखवत होते. तेव्हा मी चौतीसवर होते. चौतीस सेकंद. पंजाबी ड्रेस, चप्पल, पर्स, सगळ्यासकट मी पाण्यात होते आणि तिला काखेत धरून काठाशी आणत होते. सर ओरडत होते, "मॅडम, मॅडम, काय झालं?" बाकीच्या मुली किंचाळत होत्या. नाकात थोडं पाणी गेलं होतं, बाकी काही नाही. खोकली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू कपडे घालून का आलीस?"

मी तलावाच्या काठावर बसून रडले. सगळ्यांसमोर. माझ्यातली आई आधी नि शास्त्रज्ञ नंतर जागी व्हायला हवी होती, झालं उलटं. चौतीस सेकंद उलटंच राहिलं.

२२ एप्रिल

मावशीला सांगितलं. ऐकून तिने माझे दोन्ही हात धरले. "पोर वाचली ना? बास." मी म्हटलं, मावशी, मी त्या दिवशी तुम्हाला वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, "बोलनारच. पोरीची आय हाय तुमी." मग थोड्या वेळाने, "मना पन सात नंबरचा वलखायला धा दिस लागलं."

२५ एप्रिल, शुक्रवार

मुंबईत मेंदूच्या डॉक्टरांकडे. शांत, वयस्क गृहस्थ. म्हणाले, कधीपासून?

मी म्हटलं, सोमवारपासून.

क्षिप्रा म्हणाली, "नाही. गिरगावातल्या शेवटच्या गणपतीपासून. तेव्हा कमी यायचं. आता रोज."

दीड वर्ष. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर. डॉक्टरांनी तापातल्या आकडीचं विचारलं. पाऊण तास, मी म्हटलं, चौदा महिन्यांची असताना. त्यांनी लिहून घेतलं. "आणि मध्ये इतकी वर्षं काही नाही?" मी काही नाही म्हणाले, आणि म्हणताना मला दरदरून घाम फुटला. सुभाषने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याला वाटलं मी मुलीच्या काळजीने घाबरले. तेही होतंच. पण हा शांत काळ मला तोंडपाठ होता, आणि मी त्याला आठ वर्षं ठणठणीत म्हणत होते.

डॉक्टर म्हणाले, तापात आकडी येणाऱ्या बहुतेक मुलांना पुढे काहीच होत नाही, स्वतःला दोष देऊ नका. बरं बोलले. मी ऐकलं नाही.

झोपेतला ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढला.

३० एप्रिल, बुधवार

साहेब आले. दहा उंदीर दाखवले. नवा तक्ता त्यांना फार आवडला. "हे लहान झटके मोजायची कल्पना कोणाची?" मी पुतळामावशीचं नाव सांगितलं, आणि ती दाराशी उभी होती म्हणून पुढे बोलावलं. साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या कागदाकडे वळले. मावशी मला नंतर म्हणाली, "कशाला नाव घेतलाव? मना कापरा भरला." पण खूश होती.

प्रोजेक्ट राहिला. मी वरच राहणार. दोन महिन्यांपूर्वी मी पेढे वाटले असते.

४ मे, रविवार

परवा रिपोर्ट आला. उजव्या कानशिलामागे, टेम्पोरल लोब. गोळ्या आणल्या, कार्बामाझेपिन, अर्धी अर्धी दोनदा. आज सकाळी पहिली द्यायची.

गोळी हातात घेऊन मी तिच्या शेजारी बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं, "ते होतं तेव्हा आतून कसं असतं?" खरं सांगायचं तर आई म्हणून विचारलं, तसं कुतूहलानेही विचारलं. तेरा उंदरांसमोर बसून मला जे कधीच कळणार नव्हतं, ते सांगणारी माझ्या घरात होती.

क्षिप्राने नीट विचार केला. ती असा विचार करते हेही मला माहीत नव्हतं.

"आधी पोटात लिफ्ट. ते वाईट. भीती वाटते. मग एकदम सगळं ओळखीचं होतं."

"ओळखीचं म्हणजे?"

"म्हणजे वर्ग असतो ना आमचा, तो नवीन वर्ग, तर मला वाटतं मी इथे पहिल्यापासून आहे. सगळ्या मुली माझ्या ओळखीच्या. बाई काय बोलणार ते पण माहीत. जसं गिरगावात असतं तसं. मग मी कुठे जाते ते आठवत नाही. परत आले की पुन्हा सगळं नवीन."

मी गोळी मुठीत धरली.

"आई, गोळीने ते पण जाणार?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," मी म्हटलं. "लिफ्ट जाईल आणि बहुतेक तेही जाईल. बरोबरच येतात ना ते."

"मग आज एकदा येऊ दे. उद्यापासून घेते."

आणि लिहिते, कारण लिहायचं ठरवलंय: एक क्षण मला हो म्हणावंसं वाटलं. मग तलावातलं पाणी आठवलं, तिच्या ओठांशी आलेलं. मी गोळी पुढे केली. तिने मुकाट्याने घेतली, पाणी प्यायली, पेला माझ्या हातात दिला आणि विचारलं, "आता शाळेत सगळ्या अनोळखीच राहणार का?"

आमच्या खालच्या मजल्यावर गीतांजली नावाची मुलगी आहे. हिच्याच वयाची, हिच्याच शाळेत. अकरा महिने आम्ही तिच्या दारावरून जिना चढतोय. त्यांचं आडनावसुद्धा मला पाटीवर वाचावं लागलं. मी क्षिप्राचे केस विंचरले, तिचा हात धरून खाली गेले आणि बेल वाजवली.